सावलीला डॉक्टर हवाय

११ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठे डॉक्टर लिहीत असणार.
मुद्दा एकच. मेडिकलला अर्ज करायचा तर आधी एखाद्या डॉक्टरच्या मागे सावलीसारखं उभं राहून पेशंट तपासताना बघावं लागतं. निदान पन्नास तास. अर्ज जूनमध्ये. माझे तास शून्य. पण जानेवारी आत्ता कुठे सुरू झालाय, आणि ओमाहासारख्या शहरात डॉक्टरांना काय तोटा! रोज दहा ईमेल. ठरलं.
संध्याकाळी आईचा फोन. ती तिकडे गावी, इथून तीन तासांवर, डॉ. ओबर्गच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. म्हणाली, वेस, डॉक्टर पुन्हा विचारत होते, मार्चच्या सुट्टीत ये की, राहा उभा त्यांच्या बाजूला. मी म्हटलं, बघू. ओबर्ग म्हणजे सुजलेले घसे आणि गायीने लाथ मारलेली माणसं. मला हृदय पाहिजे. गेला बाजार मेंदू.

२० जानेवारी
ईमेलचा हिशोब: पहिल्या दिवशी दहा, दुसऱ्या दिवशी चार, मग थंडी फार पडली. उत्तरं दोनच, तीही एकाच छापाची. डॉक्टर सध्या विद्यार्थी घेत नाहीत, तुमचं नाव नोंदवून ठेवते. खाली रिसेप्शनवरच्या बाईची सही. म्हणजे डॉक्टरपर्यंत पोचलंच नाही!
रूममेट डॅरियसचे तास केव्हाच पुरे झाले. त्याचा मामा सर्जन. तो म्हणतो, ईमेल कसले करतोस, सरळ जाऊन विचार. मामा असला की सुचतं सगळं.

२९ जानेवारी
सरळ गेलो. हृदयरोग विभाग. इस्त्रीचा शर्ट. काउंटरवरच्या बाईने विचारलं, अपॉइंटमेंट आहे का? नाही. पेशंट आहात का? नाही. मग? मी मग सगळं सांगितलं, लहानपणापासून. ती गोड हसली आणि म्हणाली, नाव नोंदवून ठेवते. नोंदवलं काहीही नाही. पेन टोपणातच होतं, मी पाहिलं.
या बायका! खुर्ची मिळाली की झालं, बसल्या दुसऱ्याचं आयुष्य अडवून.
परत येताना बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला. पेशंटला तर आत सोडतात!

४ फेब्रुवारी
त्वचारोग. खांद्यावरचा तीळ दाखवला. विमा आईच्या नोकरीचा आहे, त्यात मी येतोच. कार्ड दिलं, बाईने सगळी माहिती त्यावरून भरून घेतली, मला काही लिहावंही लागलं नाही. किती सोपं!
डॉक्टर तिळाकडे बघून म्हणाल्या, तीळ आहे. मी लगेच विषय काढला. त्यांचा हात दाराच्या कडीवर होता. म्हणाल्या, बाहेर रिसेप्शनवर विचारा.

६ फेब्रुवारी
आईचा फोन. एरवी रविवारी करते, आज शुक्रवार. जेवलास का, हे नेहमीचं झालं. मग म्हणाली, मला काही सांगायचं असेल तर सांग हं राजा. मी म्हटलं, वेळ आली की सांगेन. मेडिकलला प्रवेश मिळाला की एकदम धक्का द्यायचाय तिला. तिने नाक ओढल्याचा आवाज आला. भारावली असणार.

१९ फेब्रुवारी
हाडांचा डॉक्टर. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. त्याने तो असा काही वाकवला की खरंच दुखायला लागला. सावलीचं विचारलं तर हसला. लंगडत घरी.
उद्यापासून ईमेल पुन्हा सुरू. रोज पाच. झेपेल एवढंच.

१ मार्च
आज आक्रीत झालं. बाबा फोनवर बोलले. ते धान्याच्या कोठारावर काम करतात आणि फोन उचलला की, थांब, आईला देतो, एवढंच म्हणतात. आज आधी हवापाण्याचं विचारलं, मग घसा खाकरून म्हणाले, पोरा, जे काय असेल ते आपण मिळून बघू.
चला! मेडिकल प्रवेश म्हणजे काय दिव्य असतं ते बाबांना उमगलं एकदाचं. मी म्हटलं, बाबा, मी हरणार नाही. त्यांनी फोन आईकडे दिला.

११ मार्च
हृदय. अखेर आत! धडधड होते म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी छातीला तारा लावून दिल्या, दिवसभर काढायच्या नाहीत. तशाच अवस्थेत केमिस्ट्रीचा पेपर. वाईट गेला. त्या तारांवर माझी धडधड आज खरी उमटली असेल.
सावलीचं विचारल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि काळजी कमी कशी करावी याचं माहितीपत्रक दिलं.
एक विचार. या सगळ्या डॉक्टरांबरोबर मिळून अर्धा तास तरी गेला असेल. तो अर्जात धरायला काय हरकत आहे? पेशंट म्हणून होतात का, असं कुठे विचारतात?
थकवा आलाय. तो खरा आहे.

२३ मार्च
सुट्टीत घरी गेलो नाही. गेलो तर ओबर्ग गळ्यात पडणार. इथे राहून ईमेल करणार होतो. झोपलो.
गावाहून पार्सल. चर्चमधल्या बायकांनी विणलेली शाल, आणि कार्डावर सगळ्यांच्या सह्या. लिहिलंय, आम्ही रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतोय, धीर सोडू नकोस. माझ्या प्रवेशासाठी अख्खं गाव प्रार्थना करतंय! मला वाटायचं, त्यांना फक्त मक्याचे भाव कळतात. खरंच भरून आलं. शाल फार उबदार आहे.
आईला फोन केला तर तिचा आवाज बसलेला. म्हणाली, ओबर्गकडे यायचं आता डोक्यातून काढ, तू फक्त विश्रांती घे. सुटलो बुवा!

८ एप्रिल
पोटाचे डॉक्टर. जळजळ सांगितली. ते म्हणाले, घशातून कॅमेरा घालून बघू. पडद्यावर सगळं दिसतं म्हणे! म्हणजे मला पूर्ण तपासणी बघायला मिळणार, तीही सर्वांत जवळून. काउंटरवरची बाई म्हणाली, तुम्हाला गुंगी देतात, तुम्ही झोपलेले असाल. आणि घरी न्यायला जबाबदार माणूस लागेल. डॅरियसचं नाव दिलं. त्यातल्या त्यात.

२४ एप्रिल
आज कॅमेऱ्याची तपासणी. सकाळी दार वाजलं. डॅरियस गाडीची किल्ली शोधत होता, म्हणून मी उघडलं. आई आणि बाबा. बाबांच्या अंगात चर्चला घालायचा कोट.
आई म्हणाली, काल हॉस्पिटलचा फोन आला, सोबत माणूस पाहिजे म्हणून, तेव्हा मात्र राहवेना.
विम्याच्या कार्डावरच्या नोंदीत फोन नंबर आईचा. प्रत्येक अपॉइंटमेंटची आठवण करून देणारा फोन तिला जात होता. ती स्वतः रोज असेच फोन करते, त्यामुळे कुठला विभाग हे तिला लगेच कळायचं. त्वचा, हाडं, हृदय, पोट. चारही जोडून तिने एक आजार ठरवला होता. त्याचं नाव तिने आजही घेतलं नाही.
मी खरं सांगितलं. पार्किंगमध्ये. मला काहीही झालेलं नाही.
आई फुटपाथवर बसली आणि हमसून रडली. मग हसली, मला जवळ ओढून डोकं कुरवाळलं, देवाचे आभार मानले. बाबा गाडीचे टायर बघत राहिले. तिकडूनच म्हणाले, फेब्रुवारीपासून ही धड जेवलेली नाही.
माझी बाजू मांडणं भाग होतं. म्हटलं, आई, माझा नाइलाज झाला गं, त्या रिसेप्शनवरच्या बायका माणसाला आत सोडतच नाहीत.
तिने डोळे पुसले. म्हणाली, अस्सं. म्हणजे माझ्यासारखीला चुकवून आत जायला तू मरायला टेकल्याचं सोंग घेतलंस. बोलली तेही हळूच. मग गाडीत जाऊन बसली.
राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल करून आणले होते. डबा पायरीवर ठेवून गेले. तपासणी रद्द केली. डबा डॅरियसने खाल्ला.

६ मे
खूप विचार केला. ओबर्ग तसे वाईट नाहीत. गायीची लाथ हीसुद्धा दुखापतच. शेवटी अनुभव महत्त्वाचा.
दवाखान्यात फोन लावला. आईनेच उचलला. दवाखान्याचं नाव घेऊन म्हणाली, बोला, काय मदत करू? मी म्हटलं, आई, मी वेस. सावलीसाठी विचारायचं होतं.
म्हणाली, डॉक्टर सध्या विद्यार्थी घेत नाहीत. गावातल्याच हुश्काच्या जनेलला घेतलंय. डॉक्टर तुमच्यासाठीच थांबले होते, पण तुमची तब्येत बरी नाही असं त्यांना कळलं होतं.
तुमची म्हणाली.
मी विचारलं, मग आता? म्हणाली, नाव नोंदवून ठेवते. आणि आडनाव कसं लिहायचं, ते विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं. पलीकडे पेनाचा आवाज येत होता, म्हणजे यावेळी नोंदलं तरी गेलं.
मग धन्यवाद म्हणाली आणि फोन ठेवला. जेवलास का, विचारलं नाही.