रोडेलचा फोटो आणि दोन जुने कॅमेरे

प्रिय रेमीताई,

आपल्या रीतीप्रमाणे लांबूनच तुझा हात माझ्या कपाळाला लावून नमस्कार करतो. तुझे गुडघे कसे आहेत? जेद्दाच्या उन्हाळ्यात तुझ्या बाईसाहेब दुपारी जरा पाठ टेकू देतात की नाही? इकडे मालोलोसला सगळे ठणठणीत. (लुर्देसचा पाय मुरगळला आहे, पण ती माझी बायको असल्यामुळे दोष आपोआप माझ्याकडे आला. कारण पुढे कळेलच.)

तर ताई, फत्ते झाली! रोडेलचा फोटो निघाला! गेल्या खेपेला मी मोबाईलवर काढलेला फोटो तू चौकटीत घालून उशाशी ठेवलास, सोबतच्या बायकांना "हा माझा लेक" म्हणून कौतुकानं दाखवलास आणि मग तो पंच निघाला, तेव्हापासून मला अन्न गोड लागत नव्हतं. आपल्या वस्तीतल्या, बारांगायच्या बास्केटबॉलच्या मैदानावर पत्र्याखालचे निम्मे दिवे गेलेले आणि उरलेल्यांवर किडे बसलेले. त्या उजेडात धावणारा मुलगा म्हणजे नुसता पांढरा फराटा. पण तू गेलीस तेव्हा जेवायच्या टेबलाखालून ताठ चालत जाणारं पोर आता उडी मारून बास्केटच्या कडीला हात लावतं, आणि त्याच्या आईनं ते एकदाही धड पाहिलेलं नाही, हे मला बघवेना. लवकरच तो बोटीवर नोकरीला जाणार. म्हणजे गावजत्रेतली, फिएस्टातली यंदाची अंतिम लढत त्याची शेवटची, आणि फोटोची संधीही तेवढीच.

म्हणून लुर्देसला घेऊन मी मनिलाला, कियापोच्या कॅमेऱ्यांच्या गल्लीत गेलो, तेही दुकानं उघडायच्या आत. भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परतलं की दुकानदाराचा अख्खा दिवस फुकट जातो, हे का तुला सांगायला हवं? दुकानदार तिबोयकाकांनी शटर वर केलं तर समोर आम्ही. त्यांनी दोन वापरलेले कॅमेरे पुढ्यात ठेवले. एक धटिंगण, कुठल्याशा वर्तमानपत्रात हयात घालवलेला, कोपरे झिजलेले, वजनाला वरवंट्याएवढा, पण खटखटखट असे फोटो काढायचा की शिलाई मशीननं लाजावं. दुसरा देखणा, अंगावर ओरखडा नाही, अंधारातलं सगळं स्वच्छ बघणारा, मात्र जरा सावकाश.

"देखणा न्या," काका म्हणाले. "अगदी माझ्या जावयासारखा आहे."

"काय करतो जावई?" लुर्देसनं विचारलं.

"विचार करतो," काका म्हणाले.

परीक्षा घेतल्याशिवाय घेणार नाही म्हटल्यावर आम्ही रस्त्याखालच्या बोगद्यात गेलो. तिथला उजेड आपल्या मैदानाइतकाच आजारी आहे. भवानी पळून जाईल या धास्तीनं काकाही मागोमाग. (दुसरं एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला "आधी यांचं होऊ दे, मग तुझं" म्हणून थांबवलं, तर तेही गंमत बघायला आलं.) मी लुर्देसच्या हातात चेंडू म्हणून पिशवीतलं पपनस दिलं आणि उडी मार म्हटलं.

"भर कियापोत बायकोला उड्या मारायला लावतोस? लाज कुठे गहाण टाकलीस?" असं म्हणत ती उडाली. देखण्यानं भिंतीचा अप्रतिम फोटो काढला, एकेक फरशी मोजून घ्यावी. लुर्देस तोवर खाली उतरली होती. मग धटिंगणाची पाळी. त्यानं तिला बरोब्बर हवेत पकडलं. फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे, पण वासलेलं तोंड आणि आतली चांदीची दाढसुद्धा दिसत होती. लुर्देसनं ताबडतोब देखण्याला मत दिलं. खात्रीसाठी मी आणखी एक उडी मागितली, ती तिनं रोडेलसाठी म्हणून मारली आणि पाय मुरगळला.

"बाबा रे, कुठलाही घे, पण आता घेच!" काका काकुळतीला आले आणि भाव आपणहून खाली आणला. मग भवानीची बरकत लागावी म्हणून माझ्या नोटा दुकानातल्या सगळ्या मालाला टेकवत फिरले आणि धटिंगण आमचा झाला.

आणि अंतिम लढत! आपण एका गुणानं मागे, चेंडू रोडेलकडे, तो उसळला, मी बोट दाबलं, खटखटखट, आणि चेंडू जाळीत! सोबतचा फोटो तोच. मुद्दाम कागदावर छापून घेतला, उशाशी ठेवायला. दाणे आहेत, असू देत. कपाळावरचा घाम बघ, बाहेर आलेली जीभ बघ, आपल्या बाबांचं नाक बघ. तो बघून मी रडलो, ताई. लुर्देसही रडली. (पाय दुखतो म्हणून, असं तिचं म्हणणं.)

तुझा धाकटा भाऊ, बारांगायचा एकमेव छायाचित्रकार,
क्रिसांतो

ता. क. चौकट चांगली मोठी घे.

ता. क. दुसरा. चौकट लहान घे. लुर्देसनं आत्ताच दाखवलं. डावीकडचा वरचा कोपरा बघ. मैदानाचं घड्याळ लाल आकड्यांत शून्य दाखवतंय आणि चेंडू अजून रोडेलच्या दोन्ही हातांत आहे. आरडाओरड्यात भोंगा कुणालाच ऐकू गेला नव्हता. तेव्हा पाया पडतो, हा फोटो फेसबुकवर टाकू नकोस. कोपरा कापून चौकटीत घाल.

ता. क. तिसरा. बक्षिसाचं डुक्कर परत करा म्हणशील, तर तेही आता जमायचं नाही. काल भाजून खाल्लं. हरलेल्यांनाही पंगतीला बोलावलं होतं, आणि त्यांच्या कप्तानाला कुरकुरीत कान तुझ्या लेकानं स्वतःच्या हातानं वाढला.