मेण अजून तापलं नाही

मुक्काम ऑर्लेआँ, पुलाजवळची खानावळ,
संत मायकेलच्या सणानंतरचा मंगळवार

तीर्थरूप पेरेत मावशीस,

गियोचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मधमाश्या बऱ्या आहेत ना? तिसऱ्या टोपलीतल्या अजून येणाऱ्याजाणाऱ्याला चावतात, की आता जरा माणसात आल्या? इकडे मी मजेत आहे, म्हणजे नोकरी गेली आहे, पण जायच्या आधी जेवून घेतलं होतं. हे पत्र पाद्रीबाबा तुला वाचून दाखवत असतील, म्हणून त्यांनाही नमस्कार. (पाद्रीबाबा, तुमच्या शाळेच्या खिडकीतून उडी मारून पळालेला तो मीच. यातली निम्मी अक्षरं तुमच्याकडची आहेत, चुका सगळ्या माझ्या.)

तर मावशी, तुझ्या चुलीपुढे बसून मेण वितळवायला शिकलो, त्याच विद्येवर ब्ल्वाच्या राजवाड्यात चिकटलो हे तुला ठाऊक आहेच. राजाचा हुकूम कितीही मोठा असू दे, चान्सलरसाहेबांनी त्यावर मोठी मुद्रा उमटवली नाही तर तो कागद लोणी गुंडाळायच्या लायकीचा. मुद्रेला मेण लागतं आणि मेण तापवायला मी. म्हणजे वर राजा, मग चान्सलर, मग मी, असं मी इथल्या एका मुलीला समजावून सांगितलं होतं. (तिने पुढे खाटकाशी लग्न केलं.) या कामाला अट एकच, माणसाला वाचता येता कामा नये, नाहीतर गुपितं फुटतात. मी छाती काढून सांगितलं, साहेब, अक्षराशी आपलं सात पिढ्यांचं वैर!

आमचे साहेब आमोरी द सेर्व. वय सत्तर, बायको नाही, मूल नाही, ब्लाँशेत नावाचं एक म्हातारं खेचर, आणि गळ्यात मुद्रेच्या पेटीची किल्ली. माणूस कमी बोलणारा. मला ठेवून आठवडा झाला असेल, त्यांनी एक कागद माझ्या समोर सरकवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. कागदावर लिहिलं होतं, 'मूर्खा, मेण उतू चाललंय.' मी झडप घालून भांडं उतरवलं! भांड्यात मेण अजून घट्टच होतं. (पाद्रीबाबा, इथे मावशीचं हसून होऊ द्या.) मला वाटलं, आता फासावर. साहेब मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, "मूर्ख हा शब्द वाचता आला, आता पुढचे शिकू." तेव्हापासून रोज जेवणानंतर धडा. माझ्या बापाने मला कधी इतका वेळ दिला नव्हता, मावशी. तू दिलास, पण तू सोबत फटकेही दिलेस.

मेणाचे रंग दोन, एवढं ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे. पिवळं मेण तात्पुरत्या हुकमाला, चार दिवसांचं काम. हिरवं मेण कायमच्या हुकमाला, पिढ्यान्पिढ्या, जगबुडीपर्यंत.

आता संकट. राजासोबत चेंडू खेळणारा एक ड्यूक आहे. त्याने राजाकडून पाच गावांचं रान कायमचं स्वतःच्या नावावर लिहून घेतलं. त्या रानात लोक डुकरं चारतात, थंडीला सरपण आणतात. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "गियो, मेण तापलं का?" मी म्हटलं, तापलंय की साहेब. ते माझ्याकडे बघत राहिले. "नीट बघ." मी मेणाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं, आणि म्हटलं, "नाही साहेब. दगड आहे नुसता."

मावशी, ते मेण अकरा दिवस तापलं नाही. धूर निघत होता, बुडबुडे येत होते, खोलीतल्या कारकुनांना घाम फुटला होता, पण मेण तापलं नाही. बाराव्या दिवशी ड्यूक स्वतः आला. भांड्यात डोकावून ओरडला, "अरे, उकळतंय की हे!" मी म्हटलं, "सरकार, वरून उकळतंय, आतून गार आहे. मोठ्या माणसांचं असतं तसंच." (हे बोलायला नको होतं.)

संध्याकाळी साहेबांना राजाचं बोलावणं आलं. परत आले तेव्हा गळ्यात किल्ली नव्हती. इथली रीत अशी की चान्सलरला मरेपर्यंत कोणी काढू शकत नाही, राजासुद्धा नाही, फक्त मुद्रा काढून घेता येते. म्हणजे गाई सोडून न्यायच्या आणि माणसाला गवळी म्हणत राहायचं. साहेबांनी धडा घेतला नाही त्या दिवशी. ब्लाँशेतला स्वतः खरारा केला.

मुद्रा मिळाली मेस्त्र, म्हणजे कायदेपंडित, रोबिने यांना. हातमोज्यांना अत्तर. पहिल्या दिवशी पहिला कागद ड्यूकचा. "तापव!" मी तापवलं. पिवळं. रोबिनेसाहेबांनी अशा थाटात मुद्रा दाबली की मोजा मेणात चिकटून बसला आणि तो सोडवण्याच्या धांदलीत रंगाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. कागद न्यायालयात पोचला. आत लिहिलेलं 'जगबुडीपर्यंत' आणि खाली मेण चार दिवसांचं! पाचही गावांचा वकील आनंदाने बाकावर चढला म्हणतात. नवा कागद करायचा तर राजाची सही हवी, आणि राजा तोवर ड्यूकवर रुसला होता, कारण चेंडूच्या खेळात ड्यूक चुकून जिंकला. मी रोबिनेंच्या पायाशी पडून रडलो, मला वाचता येत नाही हो! ते म्हणाले, "रंग तरी दिसतो ना, गाढवा?" मला दार दिसलं, त्यातून निघालो.

बाहेर साहेब ब्लाँशेतवर बसून थांबले होते. घर मुद्रेबरोबर गेलं. पुतण्याने कळवलं की त्याच्या वाड्याचं छप्पर दुरुस्तीला काढलंय. जुन्या स्नेह्यांकडे गेलो तर सगळ्यांना एकदम ताप. तीन दरवाजांनंतर साहेबांनी मला हळूच विचारलं, "गियो, आपण कुठे चाललोय?" मावशी, फ्रान्सचा चान्सलर मला हे विचारत होता. आता ते समोर नाशपाती सोलतायत, खात नाहीत. मध्येच हात गळ्याशी जातो, किल्ली चाचपतो, आणि परत येतो.

बाकी सर्व क्षेम. टोपल्यांना थंडीपूर्वी गवताच्या टोप्या घाल.

तुझा,
गियो

ता. क. आम्ही तुझ्याकडे येतोय. फक्त चार दिवस, असं मी त्यांना सांगितलंय. मेण ठेवायची मागची खोली झाडून ठेव. खाणं चिमणीएवढं, सूप आणि पाव पुरे. त्यांना मुजरे करू नकोस, आणि तुझं नि शेजारच्या कोलेतचं कुंपणाचं भांडण मिटवू नकोस. आम्ही येईपर्यंत चालू ठेव. त्यांना निवाडा करायला काहीतरी लागेल.

ता. क. दुसरा. ब्लाँशेत मात्र खूप खातं.

ता. क. तिसरा, पत्राच्या बाहेरच्या बाजूला, कारण पत्र आता बंद झालंय. निघताना मी दोन्ही मेणांचा एकेक गोळा खिशात घातला होता (पाद्रीबाबा, याची कबुली येऊन देतो). चार दिवसांचं काम म्हणून मी पिवळं तापवत होतो. साहेबांनी ते भांडं बाजूला सारलं, माझ्यापुढे दुसरा गोळा ठेवला आणि नाशपातीकडे वळले. तापल्यावर मुद्रा नव्हती, म्हणून त्यांनी अंगठा दाबला. जरा भाजलाही. मावशी, पाद्रीबाबा पत्र फोडतील त्याआधी मेणाचा रंग बघून घे.