खर्रा न खाणाऱ्याचा घसा

आदरणीय डॉक्टरबाई,

सोमवारी सहामाही तपासणीला अकोल्याला आलो, तेव्हा कळलं की तुम्ही देवाघरी गेलात. घशात दुर्बीण घालून न घेताच परत फिरलो. एसटीत ठरवलं, आता पुन्हा जायचं नाही. पण मनाला ते पटेना, म्हणून लिहायला बसलो.

माझा पहिला दिवस आठवतो का तुम्हाला? आवाज घोगरा, जिना चढताना धाप. आमच्या भजनी मंडळात गळा बसला की म्हणतात, "आखीन जोरानं म्हन, मोकळा होते!" मी वर्षभर तेच केलं. मग स्वरयंत्रावर गाठ दिसली आणि सगळं गाव एका शब्दावर आलं: खर्रा! मी माळकरी माणूस, तंबाखू सोडा, सुपारीसुद्धा खात नाही. पण बायकोही विचारू लागली, "खरं सांगा, कोन्या टपरीवर खात होते?"

तुम्ही एकदाच विचारलंत. मी नाही म्हणालो. "बरं भाऊ, नाही तर नाही. मंग दुसरं काही शोधू." केवढा हलका झालो मी!

गाठीच्या तुकड्यात कॅन्सर निघाला नाही. मी पेढे घेऊन आलो. पेढा खात तुम्ही म्हणालात, "काय नाही ते समजलं. काय आहे ते कुठं समजलं?" तोच तुकडा वेगळा रंग देऊन पुन्हा तपासायला लावलात. अमायलॉइड निघालं. एक प्रथिन घशात थरावर थर साचतं म्हणे. हृदय, मूत्रपिंडं तपासलीत, तिथं नव्हतं. मग लेसरनं थोडं थोडं काढलंत, दोन वेळा. घाई केली तर आवाज जाईल म्हणून. काय तो तुमच्या हाताचा धीर!

दुसऱ्या ऑपरेशननंतर पंधरा दिवस मौन सांगितलं होतंत. मी नवव्या दिवशी काकड आरती म्हटली. देवाच्या नावानं काय बिघडणार, असं वाटलं. तपासताना तुम्ही ओळखलंत. "देवाले मौन ऐकू येत नाही काय हो, भाऊ?" मान वर करवली नाही मला.

मागच्या खेपेला तुमचाच चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, तर म्हणालात, "बोलू नका, आ करा." स्वतःच्या दुखण्याचा चकार शब्द नाही! हे बरं केलंत का?

हा आजार उलटू शकतो, हे तुम्हीच समजावलं होतं. भीती वाटते. तुमच्या खुर्चीवर आता एक तरुण डॉक्टर बसतात. गुरुवारची वेळ घेतली आहे. जीभ बाहेर काढून बसेन, हलणार नाही.

तुमचा,
पुंडलिक
अंजनगाव सुर्जी