पाच वितींची फटफटी

बारामती, ता. २ डिसेंबर १९३८

ती. सौ. अक्काच्या सेवेशी,

मानसिंगचा सा. न. वि. वि. दाजींची फटफटी काल माझ्या दुकानात पोचली. ज्यांच्याकडून दाजींनी ती घेतली, त्या बदलून गेलेल्या इंजिनिअर साहेबांनी वापरली कमी आणि धुळीत ठेवली जास्त. सायकलीपेक्षा थोडी दांडगी, एवढंच. इंजिन उघडून साफ केलं आणि कन्हेरीपर्यंत चक्कर मारून आलो. आवाज ऐकून आईनं आधी म्हैस आत नेली, मग मला शिव्या घातल्या.

आता मुद्द्याचं. घोड्यावरून पडल्यापासून दाजींचा उजवा गुडघा वाकत नाही. म्हणून त्या बाजूचं पायडल काढतो, पाय सरळ टेकायला पुढं लोखंडी पट्टी बसवतो आणि पायाचा ब्रेक हँडलवर आणतो. टांग्याच्या गादीची स्प्रिंग सीटखाली घालतो, म्हणजे कॅनॉलच्या भरावावर हाडं खिळखिळी व्हायची नाहीत. त्यासाठी कमरेपासून टाचेपर्यंत पायाचं माप हवं. ते दाजींना विचारू नकोस. मागं मी गुडघ्याचं नुसतं नाव काढलं, तर ते भरल्या ताटावरून उठले होते.

आईचा आशीर्वाद. माझ्यावर लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझा,
मानसिंग

इंदापूर, ता. ७ डिसेंबर १९३८

चि. मानसिंगास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पाटाखाली लपवून तीनदा वाचलं. इकडं माझ्या जिवाला घोर लागलाय. पंधरा जानेवारीला नवे साहेब तपासणीला येणार. कॅनॉल इन्स्पेक्टरनं बारा मैलांची फेरी कुणाचा आधार न घेता करून दाखवायची. नाही जमली, तर पुण्याच्या कचेरीत टेबलावर बदली. ज्या माणसाला पाण्याच्या आवाजावरून कळतं की कुठलं दार किती उघडलंय, तो तिथं कागद चिकटवत बसेल. मला ते बघवणार नाही रे. गेलं वर्षभर हे घरात असून नसल्यासारखे आहेत. पाय लांब करावा लागतो म्हणून चार माणसांत खाली बसत नाहीत.

माप घेतलं. दुपारी जेवून हे जरा पडले होते, तेव्हा श्वास धरून हातानं मोजलं. बरोबर पाच विती. मध्येच यांनी कूस बदलली, तर मी माशी हाकलल्याचं सोंग केलं.

तुझं लग्न यंदा तरी ठरवू दे. नुसत्या इंजिनाशी संसार होत नाही. आईला जप, आणि माझी आठवण काढून एखादा घास जास्त खा.

तुझी,
लीलाअक्का

इंदापूर, ता. ३ जानेवारी १९३९

चि. मानसिंगास आशीर्वाद.

परवा तुझा सोनबा लोहार फटफटी घेऊन आला. गादी बघून यांनी चक्क मान डोलावली. मला वाटलं, देव पावला. पण बसल्यावर यांचा पाय पट्टीपर्यंत पोचेचना! टाच अधांतरी. सोनबा म्हणाला की मालक, जरा म्होरं सरका, आणि हे सरकले ते थेट कडब्याच्या गंजीत. लागलं काही नाही. मात्र अंगावरचा कडबा न झटकताच आत गेले, फटफटीवर जाजम टाकायला सांगितलं आणि पुण्याच्या बदलीला कबूल असल्याचा अर्ज लिहिला. तो पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिला. मी तो तांदळाच्या डब्यात टाकलाय.

एवढा शहाणा कारागीर तू, आणि उंटाच्या पायाची पट्टी केलीस! रडू येतं आणि तुझा रागही. बारा दिवस उरलेत. काहीतरी कर.

तुझी,
अक्का

बारामती, ता. ५ जानेवारी १९३९

ती. सौ. अक्काच्या चरणी सा. न. वि. वि.

चूक माझी, आणि अशी की कान धरून उठाबशा काढायला हव्यात. तू लिहिलंस पाच विती. मी भट्टीपाशी पत्र वाचलं आणि माझ्याच हातानं पाच विती मोजून पट्टी ठोकली. माझा घण धरणारा पंजा कुठं आणि तुझा कुठं! लहानपणी तुझ्या बांगड्या माझ्या मनगटावर चढत नव्हत्या, हेही आठवलं नाही.

तुझ्या वितीएवढा दोरा याच सोनबाबरोबर लगेच पाठव. तो तुझ्या दारात उभा आहे, चहा पाजून परत धाड. पट्टी परवापर्यंत होईल. दाजींना पुन्हा बसवणं मात्र मला जमायचं नाही. ते तूच कर, कसंही कर.

माझ्यावर रागाव, पण माया कमी करू नकोस.

मानसिंग

इंदापूर, ता. १६ जानेवारी १९३९

रा. रा. मानसिंगराव यांस,

मोहनरावाचा स. न. वि. वि. तुम्हांस माझं हे पहिलंच पत्र. काल तपासणी झाली. बारा मैल पुरे केले. दोन मोऱ्यांपाशी उतरून पाणी मोजलं आणि पुन्हा स्वतःच बसलो. ब्रेक उत्तम. गादी इतकी सुखाची की साहेबांनीही बसून पाहिली. मी कॅनॉलवरच राहणार आहे.

दुसऱ्यांदा फटफटीवर कसा बसलो, ते तुमची अक्का सांगणार नाही. तिनं पोस्टात न टाकलेला माझा बदलीचा अर्ज माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली की पायाचं माप मी चोरून घेतलं, चूक माझी. शिक्षा मला करा, स्वतःला नको. त्या दुपारी मी जागाच होतो. मी डोळे उघडले असते तर ती ओशाळली असती आणि मीही. पण माप कशासाठी घेतलंस, हे त्यानंतर महिनाभर मी तिला एका शब्दानं विचारलं नाही, याची मला लाज वाटते.

साहेबांनी विचारलं की ही पट्टी कोणत्या कंपनीची. मी सांगितलं, मेव्हण्यानं घडवलीय. पुढं ओव्हरसियर आणि पाण्याची दारं सांभाळणाऱ्या चार पाटकऱ्यांदेखत हेही सांगितलं, की माप बायकोनं घेतलं, तिच्याविना आज मी इथं नसतो. मी घरी पोचायच्या आत एका पाटकऱ्याच्या बायकोनं, फुलाबाईनं, ते तिच्या कानावर घातलं होतं.

आलो तेव्हा ती चुलीपुढं पाठ करून बसली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली, काल पहिल्यांदा मी तिला नावानं हाक मारली. ती वळली नाही, पदरानं डोळे पुसत राहिली. मग मी तिच्याशेजारी जमिनीवर पाय लांब करून बसलो. बाहेर पाटकरी उभे होते, त्यांना बघू दिलं.

आपला लोभ मी गृहीत धरला होता. आता मागून घेतो.

आपला,
मोहनराव