कोपऱ्यातली ओल

माय, ओल्या लंगोटातलं पाणी निखाऱ्यावर ठिबकलं की जो चर्र आवाज व्हायचा, तो आज सकाळपासून माझ्या कानात आहे. सोयगावचं आपलं घर, बाहेर दिवसदिवस न थांबणारी झड, आणि आत तू शेगडीवर बांबूचं टोपलं पालथं घालून त्यावर धाकटीचे कपडे पसरतेस. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला तेव्हा चार-दोन वर्षं झाली असतील. मी नुकताच शाळेत जाऊ लागलो होतो आणि गुरुजींनी शिकवलेली पावसाची कविता घरभर म्हणत हिंडायचो. घड्याळ कुठलं आपल्याकडं? तू म्हणायचीस, "म्हण रं तुझी कविता." ती संपली की लंगोट उलटायचा. पुन्हा म्हटली की तो ऊन ऊन, ओव्याच्या धुरीचा वास घेऊन उतरायचा. एकदा खेळायच्या घाईत मी मधली दोन कडवी गाळली, तर कापडाला हात लावून तू म्हणालीस, "पाणी हाय अजून. कविता खाल्लीस व्हय?"

त्याच झडीत शेजारच्या खालांनाही बाळ झालं होतं. त्यांची मागची भिंत खचलेली, चुलीत पाणी. दारात उभ्या राहून त्या अवघडून म्हणाल्या, "आपा, इसके भी सुखा देव ना." तू कपडे घेतलेस आणि टोपल्यावर जागा केलीस. पीठ मागायला आलेली एक बाई नाक मुरडून बोलली, "त्यांचे लंगोट आपल्या टोपल्यावर?" ते दिवसच असे होते की असं वाक्य घरात पडलं की माणसं गप्प व्हायची. तू मान वर न करता म्हणालीस, "लेकराच्या मुताला धरम असतोय व्हय? सरक, उजेड अडवू नकोस." त्या दिवशी मला थंडी वाजली म्हणून मी खिडकी लावून घेतली, तर तू केवढ्यानं ओरडलीस! "निखारा फुललाय अन् खिडकी लावतोस? दोन लेकरांचे कपडे हायत म्हणून पेटवलाय, जीव घ्यायला नाय!" ती खिडकी माझ्या हाडात बसली, माय. सगळा घोटाळा तिथूनच झाला.

माझी नात बाळंतपणाला माझ्याकडं आली, इथं शहरात, उस्मानपुऱ्यात, आणि आता घरात तान्हं बाळ आहे. तिची आई, म्हणजे माझी लेक, फार लवकर गेली. तेव्हापासून हिचं माहेर म्हणजे मी. शेजारी नवी इमारत उठली आणि आमच्या मधल्या खोलीचं ऊन गेलं. त्यात हा पावसाळा. दोऱ्यांवर दुपटी दोन-दोन दिवस ओलीच, भिंतीवर काळे ठिपके, आणि बाळाच्या छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले, "शेगडी नको, धुरी नको. ती बुरशी आणि ओल घालवा." शेगडी नको म्हटल्यावर मला तुझा अपमान झाल्यासारखं वाटलं. नातीच्या सासूबाईंचा वैजापूरहून फोन आला. "आबा, तुमचं मन कळतं मला. पण लेकरू आमचंबी आहे. रविवारपर्यंत भिंत नाही वाळली तर मी दोघांना न्यायला गाडी पाठवणार."

मग नातजावयानं एक यंत्र पाठवलं. डीह्युमिडिफायर. हवेतली ओल ओढून पोटातल्या डब्यात साठवतं. मी त्याचं नाव अगस्ती ठेवलं. समुद्र प्यायलेला ऋषी तो, आमची खोली त्याला किती? कामाच्या मावशींनी पुसून घेतलेल्या भिंतीसमोर कपड्यांचं स्टँड, शेजारी अगस्ती घरघरतोय. डबा सारखा भरायचा आणि मी कौतुकानं ओतायचो. पण दुपटी तशीच दमट, भिंत तशीच गार. नात रडकुंडीला आली. फोनवर नवऱ्याला म्हणत होती, "मशीनच खराब आहे, नाहीतर एवढं पाणी निघून वाळत का नाही?" गुरुवारी ती बाळाला पाजून अचानक बाहेर आली आणि मी पडद्यामागची खिडकी उघडताना सापडलो. डबा ओतायला गेलो की मी दर वेळी ती उघडायचो. यंत्रातून ऊन हवा येते, तेव्हा तुझा निखाराच समोर दिसतो आणि हात आपोआप कडीकडं जातो. "आबा! खोली बंद ठेवायची असते! तुम्ही अख्ख्या उस्मानपुऱ्याची ओल प्यायला लावलीत त्याला!" हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिला रविवार दिसत होता.

तेव्हापासून खिडकी बंद आहे. काल दुपटी दुपारच्या आत कडक वाळली. यंत्रावरचा ओलीचा आकडा उतरला. बाळ सलग झोपलं. मी त्याच्या पाळण्याशी कविता म्हणतो, एकही कडवं न गाळता. भिंतीवरून तळवा फिरवला तर कोरडा खरखरीतपणा लागतो, फक्त कपाटाशेजारचा कोपरा सोडून. तिथं बोट टेकलं की गारवा नखापर्यंत येतो. कपाट हातभर सरकवलं तर तो कोपरा कुणाला दिसणार नाही. उद्या रविवार.

हा कागद तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहायला धीर होतो. सकाळी नात बाळाला आंघोळ घालत होती तेव्हा मी त्या कपाटाला खांदा लावून उभा होतो. कपाट हललं नाही की मी हलवलं नाही, हे माझं मलाही नक्की सांगता येत नाही. बाळाला इथं बरं वाटेल म्हणून ते राहावं, असं काही नाही गं. या घरात कुणीतरी रडावं, कुणाची तरी दुपटी वाळत असावीत, एवढंच मला हवंय. ती गेली की दोरीवर माझं एक धोतर उरेल.

एवढं लिहिलं आणि बेल वाजली. दूधवाला असेल म्हणून दार उघडलं, तर नातीच्या सासूबाई स्वतः. एसटीनं आलेल्या, पदर भिजलेला, छत्रीतून पाणी गळतंय. मी चाचरलो. "गाडी उद्या येणार होती ना?"

"ड्रायव्हरला काय कळणार भिंतीतलं, आबा? म्हटलं आपणच हात लावून बघावं." चपला काढता काढता त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "वाळली का?"

"बरीचशी," मी म्हणालो. "या. पण आधी कपाटाशेजारच्या कोपऱ्याला हात लावा."