पंपांच्या निमित्ताने

३ मार्च

सचिवसाहेबांनी पुन्हा बोलावलं. मंत्रालयात नाही, दाताच्या दवाखान्यात! दोघंही नंबर लावल्यासारखे शेजारी बसलो. म्हणाले, सरकारला बंडखोरांशी बोलता येत नाही. तुम्ही पाण्याचे पंप विकता, तुम्हाला दोन्हीकडे कुणी अडवत नाही. पकडला गेलो तर? "तर आम्ही तुम्हाला ओळखत नाही." इतकं सरळ ऐकून उलट बरं वाटलं. हो म्हणून आलो.

घरी सांगितलं, डोंगरापलीकडे पंप बसवायला जातोय.

९ मार्च

बंद पडलेली शाळा. बाकं लहान मुलांची, गुडघे मावेनात. समोर मास्तर — पूर्वी खरंच गणित शिकवायचा, आता बंडखोरांच्या म्होरक्याचा उजवा हात. चहा दिला. दोन वर्षांपूर्वी माझा मेहुणा यांच्याच गोळीने गेला. देहसुद्धा मिळाला नाही. कप तसाच धरून बसलो. मास्तर म्हणाला, गार होतोय. प्यालो.

१० मार्च

बायकोने विचारलं, काम झालं का. झालं म्हटलं. तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

२८ मार्च

चौथी खेप. कागद न्यायचा नाही, सगळं पाठ. मास्तर म्हणतो आधी आमची माणसं सोडा. सचिव म्हणतात आधी बंदुका खाली ठेवा. शिव्या वगळतो, उरलेलं जरा मऊ करून पोचवतो. भागीदार चिडलाय, धंद्यात लक्ष नाही म्हणतो. खरंच आहे. जुन्या मित्रांनी बोलावणं सोडलं, कारण मी दरवेळी काहीतरी थाप मारतो. दिवसभर दोन बाजूंचं बोलतो, माझं स्वतःचं फक्त या वहीत.

५ एप्रिल

ताप. बायको उशाशी बसून होती. तापात काही बरळलो तर नाही ना?

११ एप्रिल

मास्तर आज नरमला. सोडायच्या माणसांची नावं एकेक करून सांगितली, मी घोकली. मग सहज विचारलं त्याने, तुमच्या घरचं कुणी गेलं का यात? मेहुण्याचं नाव अगदी जिभेवर आलं. पण ते उच्चारलं असतं तर मी मधला माणूस उरलो नसतो. नाही म्हणालो.

परतताना गाडी रस्त्याकडेला थांबवून बराच वेळ बसलो.

२ मे

गोळीबार थांबला! सकाळी सहापासून. टीव्हीवर मंत्र्यांनी सगळ्यांचे आभार मानले. सचिवांचा फोन नाही, यायचाही नव्हता. बायको बातम्या अर्ध्यावर सोडून आत गेली. एवढा आनंद झाला होता, आणि सांगायला घरात कुणी नाही.

३ मे

बायको समोर येऊन बसली. म्हणाली, "पंप बसवायला हत्यारांची पेटी लागते. तुमची सहाही वेळा माळ्यावरच होती."

तिचा आवाज चढला नाही.

"पुढच्या खेपेला त्यांना विचारा, माझ्या भावाला कुठे पुरलंय."