अर्धा धवला

१२ जानेवारी
कलामंडळाची बैठक. नव्या सांस्कृतिक भवनाचं उद्घाटन महिनाअखेरीस. अध्यक्ष (पुढे नुसतं अ. लिहीन, तेवढं पुरे) म्हणाले, "मातीतलं काहीतरी हवं. आगरी लग्न लावताना बायका गातात तो धवला ठेवू. कार्यवाह, तुमच्या घरातच धवलारीण आहे की!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. फुगलो. हो म्हणून बसलो.

१४ जाने.
कासू स्टेशनला उतरून गावी, काकीकडे. आई गेल्यावर हिनेच वाढवलं मला. आसपासच्या गावांतली लग्नं हिच्या गाण्यानं लागतात. एका वाक्यात संपवलं तिनं. "नवरानवरी नाय तं धवला नाय." आणि एकदा धरला की शेवटपर्यंत न्यायचा. मधे सोडला तर पोरीचा संसार अर्धा राहतो, असं ती मानते.
निघताना म्हणाली, "तुजे सुमीचे लग्नाला गाईन रं बाला. त्याच्यासाठीच गला जपून ठेवलाय."
लेकीसाठी, सुमीसाठी, रोह्याचं स्थळ बघतोय. अजून ठरलेलं नाही.

१७ जाने.
काकीचं म्हणणं सांगितलं. अ. हसले. "मग बसवा की दोघं! नाचाच्या क्लासमधली पोरं आहेत. मुंडावळ्या बांधा, झालं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.
संध्या. पुन्हा काकीकडे. सांगितलं, गरिबाघरचं लग्न आहे, मंडळ लावून देतंय.
"पोर कोनची?"
"रोह्याकडची." सहज निघालं तोंडातून. स्थळ डोक्यात होतं म्हणून असेल.
लगेच कबूल. वर म्हणाली, "गरिबाची पोर, मंग मना काय नको. साडी बी नको."
परतताना गाडीत स्वतःला समजावलं, की कला आहे ही, खरंखोटं काय त्यात. शाळेत तीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका सांगत होतो.

३० जाने.
झालं उद्घाटन.
काकी सकाळपासून उपाशी. पदराच्या गाठीत घरची हळद न् तांदूळ. स्टेजवर 'नवरी'च्या तोंडावरून हात फिरवला, मग सुरू केलं. भवन गप्प झालं. खरंच गप्प. लग्न खोटं आहे, याचा मलाही विसर पडला क्षणभर.
सात-आठ मिनिटांत पाहुण्यांची मोटार आली. अ. नी विंगेतून हात हलवला. माईक बंद. निवेदक स्वागताचं बोलू लागला, काकी त्याच्या आवाजाखाली गातच राहिली. धवला टाकता येत नाही ना.
पोरीला पुढच्या नाचासाठी कपडे बदलायचे होते. तिनं मुंडावळ्या काढल्या न् पळाली. नवराही हसत उठला.
काकी थांबली. पोरीकडे नाही, विंगेत माझ्याकडे बघितलं.
मी बोलावलेल्या रिक्षात बसली नाही. स्टेशनला चालत गेली.

१ फेब्रु.
पेपरात फोटो. अ., पाहुणे, मुंडावळ्यावाली पोरं. काकी नाही. खाली छापलंय 'लोकपरंपरेचं जतन'. राजीनामा लिहिला. अ. म्हणाले, "एवढ्यातेवढ्याला काय चिडता राव!" त्यांना शिव्या घालून काय होणार, थाप मी मारली. लाज वाटते.

१९ फेब्रु.
सुमीचं ठरलं. मुलगा डोलवीला कंपनीत, घर रोह्याला. वैशाखात लग्न. विहीणबाई आपणहून म्हणाल्या, "धवला तुमच्या काकींचाच हवा हां." सुमी खूश. मी पाणी प्यायलो.
रात्री बायकोला म्हटलं, तू जा काकीकडे. "मी नाही जायची. थाप तुमची होती."

८ मार्च
पत्रिका घेऊन गेलो. काकी अंगणात वाल झोडत होती. पाया पडलो. सगळं कबूल केलं, माफी मागितली. ती झोडतच होती. पत्रिका पुढे धरली. वाचता येत नाही तिला, तरी उलटसुलट बघितली.
"पोर कोनची?"
सुमीला हिनंच तेल लावून न्हाऊ घातलंय.
"माझी. आपली सुमी, काकी."
"रोह्याकरची?"
"नाय गो. नवरा रोह्याचा."
"असं."
पत्रिका वाऱ्यानं उडू नये म्हणून सुपाखाली ठेवली न् काठी उचलली. येईन म्हणाली नाही. येणार नाही, असंही नाही. थोडा वेळ वालाच्या शेंगा गोळा करू लागलो. तिनं नको म्हटलं नाही. मग गाडीची वेळ झाली.